राखेत निवलेलं कासं

आमच्या घरात संध्याकाळ व्हायची ती आवाजांवरून. मळ्यातली मोटर बंद झाली की पाटातलं उरलंसुरलं पाणी वाफ्यांत जिरायचं, आणि मग त्या शांततेत एकेक आवाज आपापल्या जागी येऊन बसायचा. आधी बादलीतल्या पाण्यात पाय धुतल्याचा. मग ओसरीत पोतं झटकून अंथरल्याचा. मग बाबांच्या एका लांब सुस्काऱ्याचा, आणि त्यानंतर त्या आवाजाचा, ज्याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. माय बाबांचा पाय मांडीवर घ्यायची, तळव्याला बोटभर तूप लावायची आणि काशाची वाटी पालथी धरून टाचेपासून बोटांकडे फिरवायची. मांजर अंगाशी येऊन घुरघुरावं तसा तो आवाज होता, पण त्याहून ओला, आणि मधूनच वाटीची कड मायच्या बांगडीला लागून एक बारीक किणकिण निघायची. मी आत चुलीपाशी भाकरीला बसलेली असायचे. तो आवाज सुरू झाला की दिवसभराचं सगळं आता ठीक आहे, असं मला वाटायचं. का वाटायचं ते सांगता येत नाही. आज इतक्या वर्षांनी माझ्या स्वतःच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि तरी कधीकधी काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटून मी उगाच ओसरीकडे, म्हणजे आता जी गॅलरी आहे तिच्याकडे, बघते.

वाशीम गावाला लागूनच आमचा मळा होता. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, थोडी मिरची. सकाळी बाबा भाजीचे गठ्ठे सायकलवर लादून बाजारात जायचे आणि परतले की दिवस मावळेपर्यंत अनवाणी वाफ्यांतून फिरायचे. पाणी, चिखल, तापलेली माती, परत पाणी. त्यांचे तळपाय आतून जळायचे. "निखाऱ्यावर उभं राह्यल्यावानी होते," असं ते म्हणायचे, आणि एरवी तक्रार न करणारा माणूस म्हणतो म्हणजे खरंच होत असणार. वाटीनं पाय घासल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. ती वाटी मायनं रिठदहून, तिच्या माहेराहून आणली होती. तिच्या मायनं तिला दिलेली. जाड बुडाची, मुठीत मावेल एवढी, पिवळी म्हणावी तर पिवळी नाही, पांढरी म्हणावी तर तशीही नाही, पहाटेच्या उजेडासारख्या रंगाची. वस्तीत कुणाच्या लेकराचं अंग तापलं, कुणाचे डोळे चुरचुरू लागले, की बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर यायच्या. वाटी मात्र माय कुणाला घरी नेऊ देत नसे. "वाटी जात नाही कोनाच्या घरी. पाय आना," असं ती सांगायची, आणि पाय यायचे. लहान, मोठे, भेगाळलेले, मेंदी लावलेले. माय त्या सगळ्यांचे तळवे काळे होईपर्यंत घासायची आणि म्हणायची, "पाह्य, किती उष्णता निंगाली." त्या ओसरीवर तिला एक मान होता. मळ्यात, बाजारात, सासरच्या माणसांत तो तिला कुठेच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

मी कॉलेजात गेले ती घरातली पहिलीच. त्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण मला ते नीट सांगता येत नाही, कारण त्यातलं बरंचसं नुसतं घाबरणं होतं. वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही, कारण उभं राहून बोलताना तोंडातून 'मला'ऐवजी 'मले' निघून जाईल अशी भीती असायची. भौतिकशास्त्र मी निवडलं ते आवडलं म्हणून, की त्याच्या प्रयोगशाळेत फारसं बोलावं लागत नाही म्हणून, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. आमचे सर शांत होते, खडूचे हात पँटला पुसायचे. त्यांनी मला विचारलं, "घरी काय काय धातूचं आहे?" मी म्हणाले, पितळेचा गडवा आहे, विळे आहेत, आणि काशाची एक वाटी आहे. ते म्हणाले, "पितळ आणि कासं. दोन्हीत तांबं. एकात जस्त मिसळलेलं, एकात कथील. दिसायला बहिणी. बघ, वागायला कशा आहेत ते." माझ्या प्रकल्पाचं नाव वहीवर मोठं लांबलचक होतं, यांत्रिक आणि औष्णिक गुणधर्मांची तुलना वगैरे. पण मनात मी त्याला कायम 'दोघी बहिणी' असंच म्हणत राहिले.

पितळेची तेवढ्याच आकाराची वाटी बाजारातून आणली. कठीण होतं ते मायकडून काशाची मागणं.

"कायले पायजे?" मायनं विचारलं.

"कॉलेजात मोजाची हाय."

"वाटी मोजतात? काय मोजतात तिच्यात?"

"किती कडक हाय, किती लवकर तापते, असं."

"थे तं मी सांगतो. घासाले कडक हाय, तापत नाही. लेह्य तुया वहीत."

बाबा पलीकडे मेथीच्या जुड्या बांधत होते. ते म्हणाले, "दे ना वं तिले. पन सांजीले माये पाय इथंच राह्यतीन, थे कॉलेजात नाही जात."

म्हणून असं ठरलं, की वाटी रोज सकाळी जाईल आणि रोज संध्याकाळी परत येईल. मी ती ओढणीच्या टोकात बांधून नेत असे. मळ्यापासून रस्त्यापर्यंत चालत, मग ऑटो. सकाळी धुकं असायचं, मेथीच्या वाफ्यांवरून पाण्याचा वास यायचा, लांबून जऊळक्याकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची, आणि माझ्या कमरेपाशी ती वाटी चालीच्या तालावर हलकी आपटत राहायची. मला त्या दिवसांत अशी काही सोबत वाटायची तिची. कॉलेजच्या दारात शिरताना मी ओढणीवरून हात फिरवून ती आहे ना हे बघायचे. घरातलं कुणीतरी माझ्याबरोबर कॉलेजला येतंय, असं.

प्रयोग साधे होते. काचेच्या उभ्या नळीतून सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा वाटीच्या बुडावर सोडायचा, तो किती उसळतो ते पट्टीवर वाचायचं, आणि पडलेली खळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. पितळेवर खळी लगेच दिसायची, नखानंही लागायची. काशावर छर्रा असा उसळायचा की जणू काशानं त्याला हात लावू दिला नाही. खळी शोधायला मला पाच-पाच मिनिटं लागत. उष्णतेसाठी दोन्ही वाट्यांच्या कडेवर मेणाचे सारखे थेंब लावून त्यांत टाचण्या उभ्या करायच्या आणि बुडाखाली गरम पाणी ठेवायचं. पितळेच्या टाचण्या आधी पडायच्या, टप, टप, एका पाठोपाठ. काशाच्या टाचण्या उभ्याच. मला वाटायचं संपलं, आता पडणार नाहीत, आणि मग अगदी सावकाश एक वाकायची. म्हणजे पितळ उष्णता झटकन पुढे देतं, कासं ती रेंगाळत देतं. मी हे घरी येऊन सांगितलं. शिवाय सरांनी सांगितलेलंही, की तळवे काळे होतात ते उष्णतेमुळे नव्हे, तुपाशी धातूचा संबंध येऊन होतात. सांगताना माझ्या आवाजात थोडा तोरा असावा.

माय वाटी पुसत होती. म्हणाली, "काळं कायचंबी होवो. झोप लागते का नाही लागत?"

"लागते," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर आता कुठे थोडं सापडलंय असं वाटतं. सगळा वेळ मी उष्णतेच्या मागे होते, आणि मायचं काम होतं घासण्याचं. कासं कठीण म्हणून त्यावर ओरखडा उठत नाही, ओरखडा नाही म्हणून ते गुळगुळीत राहतं, आणि गुळगुळीत म्हणून दमलेल्या पायावरून असं फिरतं. बाकी झोप कुठून येते ते मला माहीत नाही.

अडचण आली ती पितळेची. एकाच वाटीवर एका ठिकाणी छर्रा कमी उसळायचा, दुसऱ्या ठिकाणी जास्त. सर म्हणाले, दाबून, ठोकून भांडं घडवलं की धातूत कुठे कुठे ताण राहतो. तुलना खरी करायची तर दोन्ही धातू आधी सारख्या अवस्थेत आणायला हवेत. लाल होईपर्यंत तापवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. "माझ्या ओळखीचे एक जण भट्टी चालवतात. पुढच्या आठवड्यात मी विचारतो. तोवर काही करू नकोस." त्यांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. पण भट्टीकडे द्यायची म्हणजे वाटी दोन-तीन दिवस घराबाहेर राहणार, आणि तसं मायला विचारायची मला छाती नव्हती.

त्याच रविवारी आमच्याकडे रोडगे होते. वांग्याचा पहिला तोडा झाला की आम्ही मळ्यातल्या देवाला रोडग्यांचा नैवेद्य करायचो. निंबाखाली गोवऱ्या रचून त्यांचा जगरा पेटवायचा, तो फुलून आला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे. दुपारभर त्या धुराचा वास मळ्यावर तरंगत असे. माय फडक्यानं रोडगे झटकून काढायची, बाबा ते मुठीनं फोडून त्यात तूप ओतायचे, वांग्याच्या भाजीचा रस्सा द्रोणातून ओघळून कोपरापर्यंत यायचा. वस्तीतली माणसं जेवून, पानं उचलून गेली. ऊन कलतं झालं. मी एकटी जगऱ्यापाशी बसले होते, आणि काठीनं उकरलं तर आत अजून लालभडक होतं. इतकं लाल, की त्याच्याकडे बघताना डोळ्यांवर झापड येत होती. मला वाटलं, हीच तर भट्टी आहे. लालही करते, आणि राखेत सावकाश निववतेही. रताळी पुरतो, कांदे पुरतो, तसंच. वाटी घराच्या बाहेरही जाणार नाही. आणि आगीतूनच तर ती घडली असेल ना, मग आग तिचं काय करणार? बाबांचे पाय त्या दिवशी जेवणाआधीच घासून झाले होते. मी दोन्ही वाट्या आणल्या, जगऱ्याच्या पोटात ठेवल्या, वरून आणखी चार गोवऱ्या रचल्या आणि फुंकणीनं फुंकत राहिले. दोन्ही वाट्या हळूहळू लाल झाल्या. त्या घटकेला त्यांच्यातली काशाची कोणती आणि पितळेची कोणती हे ओळखू येत नव्हतं. मी वरून राख ओढली आणि निघून आले.

मायला सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगितलं नाही.

सकाळी राख कोमट होती. दोन्ही वाट्या काळ्या पडल्या होत्या, चिंच आणि राखेनं घासल्यावर उजळल्या. पितळेची इतकी मऊ झाली होती की अंगठ्यानं कड दबली. काशाची होती तशीच. वाजवून पाहिली तर उलट आवाज अधिक बारीक, अधिक लांब झाल्यासारखा वाटला. मला कोण आनंद झाला! दिवसभर मी छर्रे सोडले, आकडे लिहिले, आणि संध्याकाळी वाटी रोजच्या जागी ठेवून दिली.

आत मी भाकरी थापत होते. तो घुरघुरता आवाज सुरू झाला, थोडा वेळ चालला, मग मायच्या तुपाच्या हातातून वाटी निसटली. तशी ती शेकडो वेळा निसटली असेल. फरशीवर पडायची, गिरकी घ्यायची, किणकिणत थांबायची. त्या दिवशी किणकिण झाली नाही. काच फुटल्यासारखा एक कोरडा आवाज झाला, आणि त्यानंतर काहीच नाही. मी बाहेर आले तेव्हा फरशीवर तीन तुकडे होते. तुटल्या जागी आतला धातू राखाडी, दाणेदार दिसत होता. माय त्यांच्याकडे बघत बसली होती, तुपाचे हात तसेच वर धरून.

"माया हातून," ती म्हणाली. "माया हातून फुटली."

बाबा म्हणाले, "पडली वं. पडते भांडं."

"कासं असं फुटते कधी? माया मायची वाटी. माया हातालेच काही झालं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडून चार शब्द. मी परत आत गेले आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती जळली होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं. काशाची वाटी फुटणं चांगलं नसतं, असं बाया म्हणाल्या. गिरजाकाकू, म्हणजे पलीकडच्या घरची, जिचे पाय मायनं सगळ्यांत जास्त घासले असतील, ती म्हणाली, "तिच्या हाताची बरकतच गेली बाप्पा." हे तिनं मायच्या पाठीमागे म्हटलं, पण मायपर्यंत ते पोचेल एवढ्या आवाजात. संध्याकाळी कुणी आलं नाही. मायनं बाबांचे पाय पितळेच्या वाटीनं घासले. माझ्या हातची ती मऊ झालेली वाटी. कड वाकायची, चरे पडायचे, ते टोचायचे. बाबांनी नुसता पाय आखडून घेतला. मायनं वाटी बाजूला ठेवली आणि हातानंच तळवा चोळत राहिली, आणि मधूनच स्वतःचा तळहात उलटून बघत राहिली, जणू तिथे काही लिहिलेलं असावं. असे तीन दिवस गेले. आयुष्यात पुढे मी काही चुका केल्या आहेत, काही मोठ्याही. पण तो उलटून पाहिलेला तळहात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चौथ्या दिवशी मी ते तुकडे ओढणीत बांधले आणि कॉलेजऐवजी भांड्यांच्या गल्लीत गेले. तिथे एक म्हातारे कासार बसायचे. दुकानात आता बहुतेक स्टीलच होतं, पण जुनं डागडुजीचं काम घेऊन लोक अजून त्यांच्याकडे जात. मी विचारलं, हे सांधता येईल का? त्यांनी तुकडा उचलला, तुटलेली कड उजेडाकडे धरली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोनं राखेत निजवलं हे?"

मी म्हणाले, "तुमाले कसं समजलं?"

"दाना पाह्य ना. साखरेवानी झाला. काशाले लाल केल्यावर लगेच पान्यात बुडवा लागते, पोरी. माया बाप तसंच करे. लोखंड पान्यात बुडवलं का कडक होते, ठिसूळ होते. कासं उलटं. पान्यात बुडवलं का चिवट होते, अन् राखेत निजवलं का मरते. वरून समजत नाही. वाजते बी चांगलं. पडलं म्हनजे समजते."

"अन् पितळ?"

"पितळीचं काय, थे गरीब हाय. कसंबी निववा, मऊच होते."

मी त्याच पावली सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, आणि आम्ही दोघांनी मिळून वाचलं, की इतकं कथील असलेलं कासं सावकाश निवलं तर आतल्या कणांना वेगळं व्हायला सवड मिळते, त्यांतला एक भाग काचेसारखा ठिसूळ होऊन बसतो, आणि झटकन निववलं तर ती सवडच मिळत नाही. "थांब म्हटलं होतं मी," सर म्हणाले. "पण तसा मीही चुकलोच असतो. मीही दोन्ही सारखेच निववले असते." आणि मग, "हे लिहायला हवं. तुझ्या प्रकल्पात याच्याइतकं खरं दुसरं काही नाही." मी मान हलवली. हे वहीत लिहायचं, म्हणजे वाटी कुणी मारली तेही लिहायचं. आणि वहीला आधी सांगून मायला नंतर सांगणं मला जमणार नव्हतं.

माय वांग्यांच्या वाफ्यात होती. मी बांधावर उभी राहूनच बोलले, कारण जवळ गेले असते तर बोलता आलं नसतं. जगऱ्याचं सांगितलं, राखेचं सांगितलं, कासारकाकांचं सांगितलं. ती खुरपं हातात घेऊन ऐकत होती. मला वाटलं होतं ती वाटीसाठी रडेल.

"तीन दिस," ती म्हणाली. "तीन दिस मी माया हाताले शिव्या देऊन राह्यली. अन् तू पाहून राह्यली होती?"

मी बांधावरचं गवत उपटत राहिले.

"वाटी गेली तं गेली वं. तू बोलली काहून नाही?"

"भेव वाटलं."

"कोनाचं? मायं?" ती पुन्हा खाली बसली आणि दोन-तीन रोपांभोवतीची माती उकरली, अगदी हळू, मुळांना लागू न देता. मग मान वर न करता म्हणाली, "दाखव. कसं मरते कासं, थे दाखव मले."

आम्ही चुलीपाशी बसलो. दोन छोटे तुकडे चिमट्यानं निखाऱ्यात ठेवले, माय फुंकणीनं फुंकत होती. लाल झाले. एक मी राखेत पुरला. एक बादलीत टाकला, तो चर्र करून बुडाला आणि पाणी क्षणभर उकळलं. राखेतला निवायची वाट बघत आम्ही दोघी बसून राहिलो. मळ्यात कुणीतरी पाणी वळवत होतं, बांधावरच्या शेवग्यावर एक होला घुमत होता, आणि दुपार अशी पसरली होती की तिला शेवटच नाही. मायनं मधेच उठून मला ताकाची वाटी आणून दिली. स्टीलची. मग तिनं वरवंटा घेतला. राखेतला तुकडा पहिल्याच घावात खडीसाखरेसारखा तडकला. पाण्यातल्यावर तिनं दोन घाव घातले, चार घातले, तो दबला, जरा वाकला, पण तुटला नाही. मायनं आणखी एक घातला. मग वरवंटा खाली ठेवून तो तुकडा उचलला आणि अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"म्हनजे माया हात नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"हे मले सांगून काय फायदा? मले तं आता समजलं. त्यायले सांग. गिरजा म्हनते का माया हाताची बरकत गेली."

मी म्हणाले, सांगते. वर्गात हात वर न करणारी मी, वस्तीतल्या बायांसमोर उभी राहून धातूबद्दल बोलणार होते. पण जावं लागणार होतं. संध्याकाळी मी राखेतल्याचा उरलेला एक कपरा आणि पाण्यातला तुकडा हातात घेऊन गिरजाकाकूच्या अंगणात गेले. तिथे चार-पाच जणी लसूण सोलत बसल्या होत्या. मी सुरुवात केली ती पुस्तकातल्यासारखी, दोन वाक्यांत अडखळले, आणि मग सगळं सोडून दिलं आणि आमच्या बोलीत सांगू लागले. वाटी मायच्या हातून पडली, पण ती मेली होती त्याच्या आधीच. मी मारली होती. रोडग्याच्या जगऱ्यात. पान्यात बुडवाची होती, मी राखेत ठेवली. मायच्या हाताले काही झालं नाही.

लसूण सोलणारे हात थांबले. मग गिरजाकाकूनं लसणाची पाकळी सुपात टाकली आणि कपाळावर हात मारला.

"आ बई! म्हनजे कॉलेजात आता भांडे फोडाले शिकवतात का वं?"

सगळ्या हसल्या. मी खाली बघत उभी राहिले. आणि पाठीमागून मायचा आवाज आला. ती माझ्या मागोमाग आली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"फोडाले नाही शिकवत, गिरजे. काहून फुटलं, थे शिकवतात."

तिनं माझ्या हातातले दोन्ही तुकडे घेतले, लसणाची सालपटं बाजूला सारली आणि त्या सगळ्या जणींमध्ये मांडी घालून बसली. "पाह्य आता," ती म्हणाली. "हा राखेतला, अन् हा पान्यातला. वरवंटा आन वं कोनी तरी."